कावळ्याने पसंत केलेला कॉम्प्युटर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटर बघायला जाणं. घेतला नाही, नुसता बघून आलो. त्यात विशेष काही नव्हतं. भाजी आणायला निघावं तसे निघालो. तिनं पर्समध्ये पाण्याची बाटली टाकली, चष्मा पुसला आणि जिन्यातच मला बजावलं, की दुकानात तुम्ही तोंड उघडायचं नाही, भांडल्याशिवाय तुम्हाला वस्तू पटत नाही. मी उघडलं नाही. उघडून बोलणार काय? मी सातवी नापास. माझगावच्या गोदीत जहाजांचे पत्रे ठोकण्यात माझा जन्म गेला. कॉम्प्युटर हा तिचा प्रांत.

ती टायपिस्ट होती. लग्नानंतर दादरच्या एका क्लासात मराठी टाइपरायटर शिकली, आणि रिटायर होईपर्यंत फोर्टात एका वकिलाच्या ऑफिसात तेच करत राहिली. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, पण त्यातही तिनं टाइपरायटरचाच कीबोर्ड घालून घेतला. म्हणजे कुठलं अक्षर कुठल्या बोटाखाली, ते क्लासात शिकली तसंच. खाली न बघता टाइप करायची. माझ्याशी बोलताना, कुकरच्या शिट्या मोजताना बोटं आपली चालूच.

रिटायर झाल्यावर तिनं लालबागच्या आमच्या खोलीत एक उद्योग काढला. आमच्या गावाकडच्या लग्नात बायका गाणी म्हणतात. घाणा भरताना, हळद लावताना, नवरी वाटेला लावताना. आता ते सगळं डीजेवाल्याकडे गेलं. ज्यांना ती गाणी येतात त्या म्हाताऱ्या लालबाग-परळ-काळाचौकीत राहतात आणि एकेक करून जातात. हिनं ठरवलं, जाण्याआधी सगळी उतरवून घ्यायची. दुपारी एखाद्या म्हातारीला जिने चढवून वर आणायची, चहा द्यायची, खुर्चीत बसवायची. ती गायची, ही टाइप करायची. फोनमध्ये रेकॉर्ड करून का घेत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. फोन समोर धरला की म्हाताऱ्या लाजतात, आवाज आत ओढतात आणि अर्ध्यात मोडतात, असं ती म्हणाली. आणि म्हातारीला मध्ये थांबवायचं नाही, हा तिथला मोठा नियम. गाणं बोलून दाखवता येत नाही त्यांना, गाऊनच येतं. मध्ये थांबवलं की सुटलं. काळाचौकीची एक म्हातारी तर डोळे वटारायची. म्हणायची, "माका मधीच थांबवू नको गो, मगे पयल्यापासून म्हणूचा लागता." म्हणून ती बोटं पाहिजेत. गाण्याच्या मागोमाग पळणारी, अक्षर कुठं आहे ते न शोधणारी.

हे सगळं आधीच सांगून टाकलं, कारण पुढं ज्यांनी ज्यांनी मला कॉम्प्युटरबद्दल अक्कल शिकवली त्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं, आणि ऐकायचंही नव्हतं.

नवा कॉम्प्युटर का, तर जुना म्हातारा झाला होता. सकाळी बटण दाबलं की आमचा चहा होऊन, पेपर वाचून झाल्यावर तो जागा व्हायचा. वर रोज एक सूचना यायची, की तुमच्या ह्या विंडोजला आता नवीन काही मिळणार नाही. ती सूचना ती रोज बंद करायची, तो रोज दाखवायचा. आणि दुसरं म्हणजे, उरलेल्या म्हाताऱ्यांना तीन मजले चढवेनात. तेव्हा मशीनच त्यांच्या घरी न्यायचं, असं तिनं ठरवलं. उचलून नेता येईल असा लॅपटॉप.

दुकानातल्या माणसानं तिला पहिल्या वाक्यात आजी म्हटलं, तिथंच तो माझ्या मनातून उतरला. त्यानं आधी मॅक पुढं ठेवला. पातळ, चांदीसारखा. म्हणाला, ह्याला व्हायरसची भानगड नाही, एकदा घेतला की वर्षानुवर्षं बघायला नको. तिनं चष्मा लावला आणि म्हणाली, "अक्षर काय सुंदर दिसतं हो." मग बोटं ठेवली. टाइपरायटरचा कीबोर्ड त्यात नव्हता, एक शब्द धड उमटेना. तो माणूस हसून म्हणाला, आजी, तुम्ही इंग्लिशमध्ये टाका, मराठी आपोआप होऊन येतं. ती म्हणाली, "मराठी लिहायला मला इंग्रजीच्या दारातनं कशाला पाठवतोस रे बाबा?"

मग त्यानं तिसऱ्याच एकाचं नाव काढलं, लिनक्स. फुकट असतो, जुन्या डब्यातसुद्धा चालतो, टाइपरायटरचा कीबोर्डही मिळतो. ह्यावर ती जरा थांबली. विचारलं, बिघडला तर कोण बघणार? तो म्हणाला, मला फोन करायचा. ती माझ्याकडे वळली. "आमच्या चाळीत विंडोज दुरुस्त करणारे प्रत्येक मजल्यावर आहेत. हे नाव काढलं तर सगळे गॅलरीत जाऊन समुद्र बघत उभे राहतील." आमच्या गॅलरीतून समुद्र दिसत नाही, समोरच्या टॉवरची पार्किंग दिसते. तो माणूस हसला नाही. मला हसू आलं.

शेवटी विंडोजचा एक साधा काळा लॅपटॉप. त्यात त्यानं टाइपरायटरचा कीबोर्ड उतरवून घातला, त्याला वेळ लागला. ती बसली आणि सुरू झाली. डोळे दुकानाच्या दाराकडे, बोटं चालू. कुठलंसं हळदीचं गाणं होतं. तो माणूस दुसरं गिऱ्हाईक सोडून बघत राहिला. मात्र तोच लॅपटॉप शोभेचा होता, घासलेला. नवा माल पुढच्या आठवड्यात येणार होता. ती म्हणाली, मग पुढच्या आठवड्यात येतो, हाच ठेवा.

परत येताना गिरगावात मिसळ खाल्ली. तिला तिखट सोसत नाही, तरी रस्सा मागून घेतला. तिथं तिनं मला सांगितलं, अगदी ह्या शब्दांत, "मॅक दिसायला राजबिंडा आहे हो, पण संसार आपण विंडोजशीच करायचा." मी म्हटलं, दिसायला मी तरी कुठं राजबिंडा होतो? ती म्हणाली, "म्हणूनच तर टिकलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता ती खाली बसली. मी म्हटलं, काय झालं गं, उठ. ती उठली नाही. हातात माझा बनियन होता. डॉक्टर आला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यापुढचे दिवस मी लिहीत नाही. लोकांनी काय काय सांत्वन केलं तेही लिहीत नाही. सुटली, असं म्हणणाऱ्या बाईला मी दारातनं परत पाठवली. कशातनं सुटली? ती कुठं अडकली होती?

आता मुलाचं सांगितलं पाहिजे. आम्हाला एकच मुलगा. प्रभादेवीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, चांगल्या कंपनीत आहे. त्याचं म्हणणं होतं, आईनं आता त्याच्याकडे राहायला यावं आणि नातीला सांभाळावं. ती जायची दोन-चार दिवस, पण दुपारी म्हाताऱ्या यायच्या म्हणून परत यायची. ती वारली त्याच्या महिनाभर आधी त्यांचं ह्यावरूनच वाजलं. तो म्हणाला होता, ही गाणी टाइप करून ठेवतेस, वाचणार कोण आहे?  तिनं फोन ठेवला, आणि नंतर त्याचा आला की मला उचलायला सांगायची. मायलेकांचं असं होतं आणि मिटतं. ह्या वेळी मिटायच्या आत ती गेली.

दहाव्याला बाणगंगेला गेलो. पिंड मांडले, आणि कावळा शिवेना. कावळे पुष्कळ. शेजारच्या लोकांच्या पिंडाला शिवून मोकळे होत होते. आमच्याकडे बघायचे आणि भिंतीवर जाऊन बसायचे. मग सगळ्यांची तीच सुरुवात झाली, गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं असेल ते ओळखून शब्द द्यायचा. माझा भाऊ हात जोडून म्हणाला, वहिनी, भावाला एकटं पडू देणार नाही. कावळा हलला नाही. सून म्हणाली, आई, नातीला तुमच्यासारखं शिकवीन. नाही. कोणीतरी गावच्या देवीची ओटी कबूल केली. कोणी म्हणालं, तिला मिसळ आवडायची, मिसळ ठेवा. ऊन चढायला लागलं. भटजीची पुढची मंडळी येऊन उभी होती, त्यानं मुकाट्यानं दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा शिवला नाही तर गवताचा शिववतात.

तेवढ्यात मुलगा पुढं झाला.  म्हणाला, "आई, तुझ्या गाण्यांसाठी तुला मॅक घेऊन देतो. माझ्या घरचा तुला आवडला होता. नक्की घेतो." आणि एक कावळा भिंतीवरून उतरला, थेट भाताला शिवला आणि एक घास घेऊन गेला.

सगळे रडायला लागले.  भावानं माझ्या मुलाला पाठीवर थोपटलं. म्हणाला, बघ, कुठं जीव अडकला होता तिचा. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, की अरे, मॅक नको म्हणाली होती ती. पण त्या पोराचं तोंड बघितलं आणि गप्प राहिलो. तिथं बोलण्यासारखं नव्हतंच.

झालं. कावळ्यानं कॉम्प्युटर पसंत केला. जन्मभर जिनं टाइप केलं तिचं मत राहिलं बाजूला.

तेरावं झालं आणि मॅक घरात आला. मुलगा स्वतः घेऊन आला, पेटी देवासारखी दोन्ही हातांनी धरून. जुन्या डब्याशेजारी ठेवला, तिच्या फोटोला दाखवला, मग उघडला. जुन्यातली तिची गाणी त्यानं त्यात घातली. उघडून बघतो तर इंग्रजी अक्षरांची आणि खुणांची खिचडी. तो म्हणाला, बाबा, जुना फॉन्ट आहे, मी बदलून घेतो. काहीतरी केलं, मराठी अक्षरं दिसायला लागली. मला म्हणाला, बघा, आली. मी चष्मा लावून वाचायला लागलो. मी कमी शिकलेला असलो तरी वाचता येतं मला. मात्रा एकीकडे, अक्षर दुसरीकडे, अर्धी अक्षरं गळून गेलेली. दात पडलेल्या माणसानं बोलावं तसं. मी म्हटलं, हे तिचं नाही. तो म्हणाला, अर्थ कळतो ना? मी म्हटलं, नाही कळत. तो म्हणाला, करीन हळूहळू दुरुस्त. तिथंच दोन ओळी दुरुस्त करायला बसला, ऑफिसातून फोन आला, गेला.

पुढच्या रविवारी आला तेव्हा त्यानं नवीन युक्ती काढली. टाइप करायचंच नाही, बोलायचं, मशीन लिहितं. आम्ही दोघं काळाचौकीला त्या म्हातारीकडे गेलो. तिच्याकडची बरीच गाणी उतरवायची राहिली होती, हे मला माहीत होतं. म्हातारी तळमजल्याला राहते. आमची ही गेल्याचं कळल्यापासून अंथरुणाला टेकून असते. मुलानं फोन तिच्या तोंडापुढं धरला. म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला, आवाज आत ओढला. दोन ओळी म्हणाली आणि थांबली. फोनमध्ये उमटलं होतं ते बाजाराची यादी वाटावी असं. अर्धं हिंदी. म्हातारीनं मला विचारलं, ती कधी येईल? मी सांगितलं, ती गेली, मावशी, तुम्हाला सांगितलंय. ती म्हणाली, मगे दुसऱ्या कोणाक तरी पाठव, ह्या पोराचा काय खरा नाय.

मुलानं फोन खिशात घातला तो वाटेत एकदाही काढला नाही. मला वाटलं, आता कळलं असेल. पण त्याला कळलं ते एवढंच, की म्हातारी हट्टी आहे.

दुसरं कोण? माझ्या डोळ्यापुढं एकच माणूस होतं. माझगावला तिची एक मैत्रीण राहते. मुंबईतल्या जुन्या ख्रिश्चन घरातली, लग्न केलं नाही. दोघी त्या दादरच्या क्लासात एका बाकावर शिकल्या. तेव्हापासूनची मैत्री, नाताळात तिकडून करंज्या आणि गणपतीत इकडून मोदक. तेराव्याला ती आमच्याकडे आली होती, दोन माणसांनी धरून जिना चढवला होता, आणि उतरताना म्हणाली होती, भावजी, आता हा जिना माझ्याच्यानं होणार नाही. मी तिला फोन केला. गाणी पुरी करशील का विचारलं. ती म्हणाली, "करीन की. पण मला तोच कीबोर्ड पायजे. नवीन काय शिकायला माझ्याकडे आता टायम नाय." त्या फोनवर मी पहिल्यांदा रडलो. ती थांबली, मग म्हणाली, रडून झालं का, मग मशीनचं बघा.

त्याच सुमाराला जुना डबा बसला. सकाळी बटण दाबलं, आत पंखा घरघरला आणि थांबला. पहिल्या मजल्यावर दुरुस्तीवाला आहे, त्याला बोलावलं. तो म्हणाला, काका, ह्याचं बाकी सगळं गेलं, पण माल जिवंत आहे, काढून देतो, फक्त कुठल्यात घालू ते सांगा. मॅक शेजारी झाकून ठेवलेला होता. मी म्हटलं, ह्यात नको. चल माझ्याबरोबर दादरला.

चाळीत ही बातमी आमच्याआधी खाली पोचली. समोरच्या खोलीतला गृहस्थ जिन्यात आडवा आला आणि समजावायला लागला, की कावळ्यापुढं दिलेला शब्द फिरवू नये, घरात बरकत राहत नाही. मी त्याला विचारलं, तुझ्या बापाच्या वेळेला कावळ्याला काय कबूल केलं होतंस? दारू सोडतो म्हणून ना? तो बाजूला झाला.

दादरच्या दुकानातही मॅकच आधी दाखवला. मी सांगितलं, तो घरात आहे, पेटीत घालून ठेवणार आहे. मला विंडोजचा साधा द्या, टाइपरायटरचा कीबोर्ड घालून. दुरुस्तीवाल्यानं घरी बसून तिचा जुना फॉन्ट घातला, गाणी भरली, एक उघडलं. तीच अक्षरं. तीच तिची मोकळी ओळ सोडायची सवय, प्रत्येक गाण्याखाली म्हातारीचं गाव. मी खुर्चीत बसलो नाही. उभ्यानंच वाचत राहिलो. त्याला चहा विचारायचंही राहून गेलं, तो कधी गेला कळलं नाही.

मग मी लबाडी केली म्हणा. मैत्रीण रोज फोन करायची, की भावजी, मशीन माझ्याकडे पाठवा, आमचं घर बैठं आहे, मी हात बसवून घेते, मग टॅक्सीनं काळाचौकीला म्हातारीकडे जाईन. मी म्हणायचो, पाठवतो, आज दुरुस्तीवाला यायचाय, उद्या पाठवतो. कोणी यायचं नव्हतं. मला ते टेबलावरून हलवायचं नव्हतं. सकाळी उघडायचो, एक गाणं वाचायचो, बंद करायचो. मॅकची पेटी मी कपाटावर टाकली होती. आणि तिकडे म्हातारी दिवसेंदिवस खाली जात होती, हे मला कळत होतं.

मुलगा आला शनिवारी. आल्या आल्या टेबल बघितलं, मग कपाटावर बघितलं.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. लॅमिंग्टन रोड, तिची बोटं, मिसळ, सगळं. संसार विंडोजशीच करायचा म्हणाली, तेही. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे तुम्ही बाणगंगेला का नाही बोललात?"

"तू रडत होतास."

"कावळा शिवला, बाबा. तुम्ही तिथं होता. सगळ्यांचं ऐकलं नाही तिनं, माझं ऐकलं."

मला गोड बोलता येत नाही. येत असतं तर गोदीत फोरमन झालो असतो. मी म्हटलं, "कावळा भाताला शिवला. बाकीचे पिंड उचलून नेले होते, आमचाच राहिला होता. त्याला भूक लागली."

 तो नखानं टेबलाची कड खरवडत राहिला, लहानपणी करायचा तसं. मग म्हणाला, "म्हणजे ती माझ्यावर रागावूनच गेली."

काय सांगायचं? नाही म्हटलं असतं तर त्याला खोटं कळलं असतं, तो माझाच मुलगा. मी म्हटलं, "रागावली होती. गाणी कोण वाचणार म्हणालास ते तिला लागलं होतं."

त्यानं मान हलवली, हळू, दोनदा. नातीचा एक फ्रॉक इथं राहिला होता तो पिशवीत घातला. मी जेवून जा म्हटलं. तो म्हणाला, भूक नाही. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकला. एकदाही थांबला नाही.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की मोकळं वाटेल. तिच्या बाजूनं कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं, ती तर आता बोलणार नाही. पण मोकळं वाटलं नाही. त्या कावळ्यावर तो पोरगा एवढे दिवस जगत होता, हे माझ्या लक्षात आलं ते तो गेल्यावर. मला गाणी पाहिजेत, त्याला कावळा पाहिजे. माझं मला मिळालं होतं आणि टेबलावर झाकून ठेवलं होतं. गाणं पुढं सरकत नव्हतं. त्याचं मी कपाटावर टाकलं होतं. देवानं नेलं तिला आणि आम्हा दोघांना मागं ठेवलं एकमेकांची तोंडं बघत. चांगला हिशेब केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, विंडोजचा लॅपटॉप तिच्या जुन्या शालीत गुंडाळला, पिशवीत घातला आणि टॅक्सी करून माझगावला गेलो. मैत्रीण चर्चमधून नुकतीच आली होती. दारातच म्हणाली, आणलात एकदाचा. मी टेबलावर ठेवून दिला, चालू करून दिला, चहा नको म्हटलं. तिनं बोटं ठेवली आणि भिंतीकडे बघत टाइप करायला लागली. मी पाठ केली आणि निघालो.

घरी आल्यावर स्टुलावर चढून पेटी खाली काढली. टेबल ओल्या फडक्यानं पुसलं. मॅक मधोमध ठेवला, वायर लावली. त्यात तिचं काही नाही. मला तो उघडतासुद्धा येत नाही. मग मुलाला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला. मी म्हटलं, "तुझ्या आईचा मॅक टेबलावर ठेवलाय. चालू कसा करायचा ते येऊन दाखव."